पवना शंभर टक्के भरली, तरी नळाला दिवसाआड पाणी का?

दरवर्षी ऑगस्टमध्ये पिंपरी-चिंचवडच्या प्रत्येक सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक फोटो फिरतो. पवना धरणाचे दरवाजे उघडलेले, पांढरंशुभ्र पाणी कोसळतंय, खाली कुणीतरी लिहिलेलं असतं, ‘धरण फुल्ल!’ आणि लगेच दुसरा कुणीतरी विचारतो, ‘मग आपल्याला रोज पाणी कधी?’ त्यावर नगरसेवकांच्या नावानं शिमगा होतो, टँकरलॉबीचा उल्लेख येतो आणि विषय तिथंच संपतो. 25 नोव्हेंबर 2019 पासून शहरात दिवसाआड पाणी आहे. मधल्या काळात धरण कितीतरी वेळा काठोकाठ भरलं आणि वेळापत्रक होतं तिथंच राहिलं.

प्रश्न रास्त आहे. पण त्याचं उत्तर धरणाच्या भिंतीपाशी नाही, तर भिंतीखालून निघून दापोडीला संपणाऱ्या नदीत आहे. ही नदी सगळी मिळून साठेक किलोमीटरची. महाराष्ट्राच्या नकाशावर बोटाच्या पेराएवढीसुद्धा भरणार नाही. तेवढ्या लांबीत ती आधी धरण होते, मग पाणी वाहून नेणारी वाहिनी, मग शहराचं गटार, आणि पावसाळ्यातले काही आठवडे खरीखुरी नदी.

उगमापाशी समुद्र जवळ, पण वाट उलटी

लोणावळ्याच्या दक्षिणेला, सह्याद्रीच्या अगदी कड्यालगत पवना उगम पावते. तिथून अरबी समुद्र पश्चिमेला फार तर पाऊणशे किलोमीटरवर. पण घाटमाथ्याचा उतार पूर्वेकडे आहे, म्हणून पवनेचं पाणी मुळा, मुळा-मुठा, भीमा, कृष्णा असा देश ओलांडून बंगालच्या उपसागराला जातं.

घाटमाथ्यावर पाऊस धो-धो पडतो. धरणक्षेत्रात एका पावसाळ्यात दोन-अडीच हजार मिलिमीटरच्या पुढे नोंद होणं नेहमीचं आहे. तिथून पूर्वेला चाळीसेक किलोमीटरवर पिंपरीत तो सातशेच्या आसपास येतो. ढग डोंगराला धडकून वर चढतात, थंड होतात, तिथंच रिकामे होतात, आणि पुढच्या पठारावर उरलंसुरलं पडतं. म्हणजे शहर वसलंय कमी पावसाच्या पट्ट्यात आणि पितं जास्त पावसाच्या पट्ट्यातलं पाणी. त्यामुळे चिंचवडला आठवडाभर ऊन पडलेलं असतानाही धरण भरत असतं, आणि शहरात रस्ते तुंबले तरी धरणाच्या साठ्यात टक्काभरही वाढ झालेली नसते. ‘एवढा पाऊस झाला, आता पाणीकपात रद्द करा’ म्हणणाऱ्यांना हे दरवर्षी नव्यानं सांगावं लागतं.

दुसरी गोष्ट खडकाची. हा सगळा भाग काळ्या पाषाणाचा, म्हणजे बेसाल्टचा. हा खडक पाणी फारसं मुरवून घेत नाही; भेगाभेगांत आणि मुरुमात मावेल तेवढंच साठतं. त्यामुळे पावसाळा सरला की दख्खनच्या छोट्या नद्यांचा जीव झपाट्यानं आटतो. धरणापूर्वीच्या काळात पवना उन्हाळ्यात म्हणजे डोह, त्यांना जोडणारी बारीक धार आणि बाकी कातळ अशीच असणार. आज मे महिन्यात गहुंज्याच्या पुलावरून खाली पाहिलं की जे वाहतं पाणी दिसतं, ते त्या ऋतूतलं नैसर्गिक पाणी नव्हेच. ते मागच्या जुलै-ऑगस्टमध्ये डोंगरावर पडलेलं, भिंतीमागे थांबवून ठेवलेलं आणि हिशेबानं सोडलेलं पाणी आहे.

शेजारच्या खोऱ्यांचं नशीब मात्र वेगळं निघालं. दक्षिणेला मुळेवर टाटांनी मुळशी धरण बांधलं. ते पाणी कड्यावरून खाली कोकणात भिऱ्याला सोडून त्यावर वीज तयार होते. त्या धरणाविरुद्ध 1921 पासून सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली मुळशी सत्याग्रह झाला, हे शाळेत आपण वाचलेलं असतं. उत्तरेला इंद्रायणीच्या माथ्यावरचं वळवण, लोणावळा तलावांचं पाणीही असंच पश्चिमेला उतरतं. मधली पवना तेवढी पूर्वेकडेच वाहत राहिली. पिंपरीला 1954 मध्ये हिंदुस्थान अँटिबायोटिक्स आलं, मग एमआयडीसी आली, 1970 मध्ये नगरपालिका झाली. 1972 मध्ये धरण तयार झालं तेव्हा त्याच्या पाण्याला गिऱ्हाईक खाली उभंच होतं.

टीएमसी, क्युसेक, एमएलडी

बातमीत हे तीन शब्द येतात आणि बहुतेक वाचक ते ओलांडून पुढे जातात. थोडं थांबलं तर सगळा प्रश्न उलगडतो.

टीएमसी म्हणजे साठा. एक टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट, साधारण 2,830 कोटी लिटर. पवना धरणाचा उपयुक्त साठा 8.51 टीएमसी, म्हणजे अंदाजे 24,100 कोटी लिटर. यातला ‘उपयुक्त’ हा शब्द महत्त्वाचा. धरणाच्या तळाचं पाणी सोडण्याच्या दारांच्याही खाली असतं, तो मृतसाठा. बातमीतली टक्केवारी उपयुक्त साठ्याची असते, म्हणून ‘शून्य टक्के’ झालेल्या धरणातही पाणी दिसतं.

क्युसेक म्हणजे वेग: सेकंदाला एक घनफूट, साधारण 28 लिटर. एमएलडी म्हणजे दिवसाला दहा लाख लिटर. हे महापालिकेचं एकक. एक क्युसेक दिवसभर वाहिला की जवळजवळ 2.45 एमएलडी होतात.

आता मांडा हिशेब. महापालिका पवनेतून दिवसाला पाचशे एमएलडीच्या आसपास पाणी उचलते, म्हणजे पन्नास कोटी लिटर. वर्षाचे झाले 18,250 कोटी लिटर, म्हणजे जवळपास साडेसहा टीएमसी. धरणात साडेआठ. फक्त शहरच पीत असतं तर भरलेलं धरण पावणेपाचशे दिवस पुरलं असतं. पण एमआयडीसी आहे, तळेगाव आहे, काठावरच्या ग्रामपंचायती आहेत, नदीवर मोटारी टाकून भात-ऊस घेणारे शेतकरी आहेत, उन्हात उडून जाणारी वाफ आहे. शिवाय पाऊस लांबला तर म्हणून जलसंपदा खातं जुलैच्या मध्यापर्यंतचं नियोजन करतं. एवढं सगळं वजा केलं की साडेआठ आणि साडेसहा यांच्यातली फट दिसते तेवढी मोकळी राहत नाही.

पुराचा हिशेब तर डोळे उघडणारा आहे. पाचशे एमएलडी म्हणजे सतत वाहणारे 204 क्युसेक. पावसाळ्यात धरण भरल्यावर दहा हजार क्युसेकनं विसर्ग सुरू असेल, तर एका दिवसात शहराचं सुमारे 49 दिवसांचं पाणी निघून जातं. म्हणजे व्हॉट्सॲपवरच्या त्या फोटोतलं पाणी आपल्या कामाचं नसतंच. धरणात ते मावत नाही म्हणून सोडलेलं असतं. भांडं तेवढंच आहे आणि ते ऑगस्टमध्येच भरलेलं आहे.

मग साठा पुरेसा असताना दिवसाआड का? छतावर दहा हजार लिटरची टाकी असावी आणि खाली अर्धा इंची एकच तोटी, त्यावर दहा घरं, असं काहीसं हे प्रकरण आहे. टाकी भरल्यानं तोटी रुंद होत नाही. शहराला रोज किती उचलायचं याचा मंजूर कोटा आहे, ते उचलणाऱ्या पंपांची आणि शुद्ध करणाऱ्या केंद्राची क्षमता ठरलेली आहे, आणि या तिन्हींचा धरणाच्या टक्केवारीशी संबंध नाही. त्यातून शहर वाढलं किती? 2011 च्या जनगणनेत लोकसंख्या 17.27 लाख होती, आज ती तीस लाखांच्या आसपास धरली जाते. शहरासाठी माणशी 135 लिटरचं प्रमाण घेतलं तर तीस लाखांना 405 एमएलडी लागतील. म्हणजे कागदावर पाचशे एमएलडीत रोज पाणी देऊनही उरायला हवं.

उरत नाही, कारण कागदावरचं पाणी आणि नळापर्यंत पोहोचणारं पाणी एक नसतं. जुन्या वाहिन्यांतून गळती होते, बेकायदा जोड असतात, मीटर बंद असतात. शिवाय रोज थोडं-थोडं सोडलं तर दाब कमी पडतो आणि टोकाच्या, उंचावरच्या भागात पाणी चढतच नाही. अर्ध्या शहराला आज आणि अर्ध्याला उद्या सोडलं की नळात दाब तरी येतो. दिवसाआडचं समर्थन महापालिका ‘समान वाटप’ या शब्दांत करते, त्यात अगदीच तथ्य नाही असं नाही. मला खटकतं ते हे की, तात्पुरती म्हणून आणलेली ही व्यवस्था इतक्या वर्षांत कायमची होऊन बसली. आणि दिवसाआड पाणी आलं म्हणून वापर निम्मा होतो असंही नाही. सोसायट्या टाक्या मोठ्या बांधतात, बंगल्यांत बादल्या आणि पिंपं भरली जातात, आणि दुसऱ्या दिवशी ‘शिळं’ म्हणून ओतून दिली जातात.

नदी, की पाइप?

आता मुख्य मुद्दा. बऱ्याच जणांची समजूत असते की धरणापासून शहरापर्यंत मोठी जलवाहिनी असेल. नाही. धरणातून पाणी नदीच्या पात्रात सोडतात. पवनानगर, येळसे, शिवणे, बेबडओहोळ, शिरगाव, गहुंजे असं तीस-पस्तीस किलोमीटर ते उघड्या पात्रातून वाहत येतं आणि रावेतच्या बंधाऱ्यात अडतं. तिथं जॅकवेल, म्हणजे पाणी उपसण्याची खोल विहीर, आहे. त्यातून पंप पाणी उचलतात, निगडीच्या सेक्टर 23 मधल्या शुद्धीकरण केंद्रात चढवतात आणि तिथून ते शहरभरच्या उंच टाक्यांत जातं.

धरणाच्या पायथ्याशी छोटं जलविद्युत केंद्र आहे. पाणी बऱ्याचदा त्याच्यातूनच सोडतात. फुकट उतरणाऱ्या पाण्यावर थोडी वीज पदरात पडते. केंद्र दिवसातले काही तास चालतं, शहराला मात्र पाणी चोवीस तास हवं. ही वरखाली रावेतचा बंधारा सांभाळून घेतो. म्हणून त्या बंधाऱ्यात गाळ साचला, किंवा वरच्या अंगाला काही बिघडलं, की दुसऱ्या दिवशी शहरात ‘पाणी कमी दाबानं येईल’ असं निवेदन निघतं. तीस लाख लोकांचं बहुतेक पिण्याचं पाणी एका बुटक्या बंधाऱ्याच्या फुगवट्यावर टेकलेलं आहे, हे शहरातल्या फार थोड्या लोकांना ठाऊक आहे.

नदीचा असा पाइपसारखा वापर करण्यात फायदे आहेत. खर्च शून्य. वाटेतल्या गावांच्या विहिरींना पाझर मिळतो, शेतीला मोटारी टाकता येतात, गुरांना पाणी मिळतं, मासे जगतात. उन्हाळ्यातही नदी नदीसारखी दिसते. तोटेही तितकेच उघड: वाटेत किती पाणी गेलं, कुणी उचललं याचा काटेकोर हिशेब राहत नाही आणि वाटेत जे काही मिसळेल ते शेवटी जॅकवेलमध्ये येतं.

म्हणून महापालिकेनं बंद जलवाहिनीचा प्रकल्प आणला. धरणापासून निगडीपर्यंत जवळपास 35 किलोमीटरचा पाइप, केंद्राच्या जेएनएनयूआरएम या शहरविकास योजनेतून पैसा, आणि 2008 मध्ये कामाला सुरुवात. शहराच्या बाजूनं तर्क सरळ होता: गळती नाही, प्रदूषण नाही, आणि धरण उंचावर असल्यानं रावेतला उपसण्याची वीजही वाचेल.

मावळच्या शेतकऱ्यांचा तर्कही तितकाच सरळ होता. पाणी पाइपात गेलं की नदीत कशासाठी सोडतील? आमच्या मोटारी कोरड्या पडतील, विहिरी आटतील. त्यातून धरणात जमिनी गेलेल्या अनेक खातेदारांचं पुनर्वसन कित्येक दशकांनंतरही झालेलं नव्हतं. धरणासाठी जमीन आमची, पाणी शहराचं, आणि आता पात्रातलं उरलंसुरलंही पाइपात. हा हिशेब कुणालाच मान्य होण्यासारखा नव्हता. 9 ऑगस्ट 2011 रोजी बऊरजवळ पुणे-मुंबई द्रुतगती मार्गावर आंदोलन झालं, पोलिसांनी गोळीबार केला आणि तीन शेतकरी ठार झाले, त्यात एक महिला होती. प्रकल्पाला स्थगिती मिळाली. जागोजागी आणून टाकलेले प्रचंड पाइप वर्षानुवर्षं उन्हापावसात पडून राहिले. राज्य सरकारनं 2023 मध्ये स्थगिती उठवली, पण मावळातला विरोध उठलेला नाही, आणि कोणत्याही पक्षाच्या स्थानिक नेत्याला त्या बाजूनं बोलणं आजही परवडत नाही.

या वादात दोन्हीकडच्या गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात. पाइप घातला तर नदीत किमान किती पाणी सोडायचं, ते कोण मोजणार आणि नाही सोडलं तर शेतकऱ्यानं कुणाकडे दाद मागायची, हे लेखी ठरलं असतं तर कदाचित इतिहास वेगळा झाला असता. असं काही ठोस ठरवून मग खोदाई करण्याची आपल्याकडे पद्धत नाही. आधी पाइप येतात.

कोल्हापूरनं अशीच वाट वर्षानुवर्षं मागून घेतली. पंचगंगेचं पाणी दूषित म्हणून काळम्मावाडी धरणातून ‘थेट पाइपलाइन’ची मागणी झाली, तिच्यावर कित्येक निवडणुका लढल्या गेल्या आणि नोव्हेंबर 2023 मध्ये, दिवाळीच्या तोंडावर, ते पाणी शहरात आलं. तिथंही गोष्ट तीच होती: जवळची नदी खराब झाली की शहर तिला सोडून आणखी वर सरकतं.

रावेतच्या वर काय मिसळतं आणि त्यातलं काय निघतं

शुद्धीकरण केंद्र म्हणजे सगळं निघून जातं, हा मोठा गैरसमज आहे. आधी पाणी पायऱ्यांवरून खळाळत नेतात, त्यानं त्यात हवा मिसळते आणि काही वास उडून जातो. मग तुरटी किंवा हल्ली पीएसी नावानं ओळखलं जाणारं पॉलि-अ‍ॅल्युमिनियम क्लोराइड घालतात. मातीचे अतिसूक्ष्म कण एकमेकांना ढकलत असतात म्हणून ते आपापले बसत नाहीत. तुरटीनं ते ढकलणं थांबतं, कण एकमेकांना चिकटून पुंजके होतात आणि जड होऊन तळाशी जातात. वरचं निवळलेलं पाणी वाळूच्या थरांतून गाळतात. शेवटी क्लोरीन. भारतीय मानकाप्रमाणे नळाला येणाऱ्या पाण्यात लिटरमागे किमान 0.2 मिलिग्रॅम मोकळा क्लोरीन उरायला हवा, म्हणजे वाटेत पाइपात काही शिरलं तरी तो त्याला पुरून उरेल. गढूळपणा एक एनटीयूच्या (हे गढूळपणा मोजायचं एकक) आत असावा, पर्याय नसेल तर पाचपर्यंत चालतो.

ही पद्धत माती आणि जंतू यांच्यासाठी उत्तम आहे. जुलैत पहिल्या पुराचं चहासारखं पाणी येतं तेव्हा केंद्राची दमछाक होते, पण ते निभावतं. विरघळलेल्या रसायनांपुढे मात्र तुरटी आणि वाळू हतबल असतात. आणि मैलापाण्यातून येणारा अमोनिया तर आणखी वाईट, कारण तो क्लोरीनच खाऊन टाकतो. अमोनिया वाढला की त्याच परिणामासाठी क्लोरीन कितीतरी जास्त घालावा लागतो, नाहीतर टोकाच्या नळाला पोहोचेपर्यंत तो संपलेला असतो. ‘आज पाण्याला औषधाचा फार वास येतोय’ अशी तक्रार असते तेव्हा बहुतेकदा नदीत वर काहीतरी जास्तीचं मिसळलेलं असतं.

हे का सांगतोय? कारण रावेतच्या वरचा पट्टा पूर्वी शेतीचा होता आणि आता तो तसा राहिलेला नाही. गहुंज्याला क्रिकेटचं स्टेडियम आहे, त्याच्याभोवती उंच इमारती आहेत. किवळे, मामुर्डी, सोमाटणे, शिरगाव इथं गृहप्रकल्पांची रांग आहे. तळेगाव वाढतंय. यातल्या मोठ्या भागाला महानगरपालिकेसारखं मैलापाण्याचं जाळं नाही. प्रकल्पाचं आपलं छोटं केंद्र असतं, ते चालतं का हे कुणी रोज बघत नाही, आणि ओढा तर शेवटी पवनेलाच मिळतो. त्याच्याही वर, खुद्द धरणाच्या काठावर तंबूंची पर्यटनवस्ती उभी राहिली आहे. तुंग, तिकोना, लोहगड, विसापूर हे किल्ले भोवताली, मध्ये निळं पाणी, शनिवारी रात्री शेकोट्या आणि गाणी. जागा देखणी आहे, याबद्दल वाद नाही. पण हजारो माणसं रात्रभर जिथं राहतात तिथलं सांडपाणी कुठं जातं, हा प्रश्न तिथं बार्बेक्यू खाणाऱ्यानं विचारायला हवा. खास करून तो पिंपरीहून आला असेल तर.

धरणात उन्हाळ्यात पाणी खाली गेलं की बुडालेलं जुनं वाघेश्वराचं मंदिर उघडं पडतं आणि ते बघायला गर्दी होते. हौशी मंडळींसाठी ती सहल असते; मी मात्र त्याच्याकडे पातळी मोजायची पट्टी म्हणूनच बघतो.

रावेतच्या खाली

बंधाऱ्यातून पाणी उचललं की खाली उन्हाळ्यात फार थोडं उरतं. आणि शहर सुरू होतं तेही इथूनच. पुनावळे, थेरगाव, चिंचवड, काळेवाडी, पिंपरी, रहाटणी, पिंपळे गुरव, सांगवी, आणि दापोडीजवळ मुळेशी संगम. चिंचवडला काठावर मोरया गोसावींची समाधी आहे. पावसाळ्यात पूर आला की मंदिरात पाणी शिरतं. थेरगावच्या केजुदेवी बंधाऱ्यावर पूर्वी लोक पोहायला जात. आता तिथं वर्षातून कधी ना कधी फेस तरंगतो आणि त्याचे फोटो बर्फासारखे दिसतात.

हा फेस कसा होतो? कपडे धुण्याच्या पावडरीतली आणि कारखान्यांच्या सांडपाण्यातली फेसाळ रसायनं पाण्यात मिसळलेली असतात. संथ पाण्यात ती दिसत नाहीत. बंधाऱ्यावरून उडी पडली, हवा घुसळली, की उसळतात. त्याच पाण्यातले फॉस्फेट आणि नायट्रेट जलपर्णीचं खत होतात. जानेवारीपासून ती वाढायला लागते आणि मार्चपर्यंत पात्र हिरवंगार. मग महापालिका ती काढण्याचं टेंडर काढते, डास वाढल्याच्या तक्रारी येतात, विरोधक आंदोलन करतात, पाऊस येतो आणि उरलेली जलपर्णी वाहून पुढच्या गावाला जाते. कालनिर्णयात छापून ठेवावं इतकं हे नियमित आहे.

जलपर्णी काढणं हा उपचार नाही, कारण रोग वेगळा आहे. साधारण नियम असा की शहराला दिलेल्या पाण्याच्या ऐंशी टक्के सांडपाणी होतं. पाचशे एमएलडी प्यायला घेतलं की चारशेच्या आसपास परत येणार. महापालिकेची मैलाशुद्धीकरण केंद्रं आहेत, पण जे नाले त्यांना जोडलेले नाहीत ते सरळ नदीत येतात. सांडपाण्यातला मैला खाऊन टाकणारे जिवाणू पाण्यातला प्राणवायू वापरतात. त्यांना किती प्राणवायू लागेल त्याच्या मापाला बीओडी म्हणतात. आंघोळीयोग्य नदीत तो लिटरला 3 मिलिग्रॅमच्या आत आणि विरघळलेला प्राणवायू किमान 5 मिलिग्रॅम हवा. बीओडी चढला की प्राणवायू उतरतो आणि एखाद्या सकाळी मासे मरून तरंगतात. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या 2018 च्या यादीत पवनेचा जो पट्टा प्रदूषित म्हणून आला, तो रावेत ते दापोडी. म्हणजे आपण पाणी उचलतो तिथपासून नदी संपते तिथपर्यंत.

यातला व्यवहार क्रूर आहे, पण हुशार आहे. शहर वरच्या टोकाला पितं आणि खालच्या टोकाला टाकतं. त्यामुळे स्वतःची घाण स्वतःच्या नळाला कधीच येत नाही, आणि म्हणूनच ती थांबवण्याची घाईही नसते. इतकी वर्षं या गणितावर निभावलं. आता रावेतच्या वर नवी शहरं उभी राहिल्यावर आपण त्यांच्या खालच्या टोकाला आलो आहोत. बंद जलवाहिनीची मागणी पुन्हा जोर धरते आहे ती त्यामुळेही.

आंद्रा धरणाच्या पाण्याची गोष्ट याला साक्ष आहे. पवना पुरत नाही म्हणून आंद्र्यातून शंभर एमएलडी घ्यायचं ठरलं. पद्धत तीच: धरणातून इंद्रायणीत सोडायचं, निघोजेच्या बंधाऱ्यावर उचलायचं, चिखलीत शुद्ध करायचं. पण इंद्रायणीच्या त्या पट्ट्यात वरच्या गावांचं आणि कारखान्यांचं सांडपाणी आधीच आहे, म्हणून नदी फार बिघडली की उपसा थांबवावा लागतो. भामा आसखेड धरणाचं 167 एमएलडी मात्र सुरुवातीपासून पाइपानंच आणायचं ठरलं.

पुराबद्दल थोडक्यात. काठावर निळी आणि लाल अशा दोन पूररेषा आखलेल्या असतात: निळी साधारण 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. निळ्या रेषेच्या आत बांधकामाला परवानगी नाही. पिंपळे गुरव, सांगवी, पिंपरीतली संजय गांधी नगरची वस्ती इथं ऑगस्ट 2019 मध्ये आणि जुलै 2024 मध्ये पाणी घरात शिरलं. दोष ‘धरणातून अचानक सोडलं’ म्हणून धरणाला दिला जातो. काही वेळा विसर्गाच्या वेळेची चूक असतेही. पण पात्रात राडारोडा टाकून भराव झाला, नाले बुजले, तर पूर्वी ज्या पाण्याला पात्र पुरायचं ते आता घरात येणारच. धरणातलं पाणी कमी असतानाही नुसत्या शहरातल्या पावसानं पवना चढते, हे लक्षात ठेवलेलं बरं.

दापोडीला पवना मुळेत मिसळते. पुढे पुण्यात संगमावर मुठा येते, तिथून मुळा-मुठा रांजणगाव सांडसजवळ भीमेला मिळते, आणि पिंपरी-चिंचवड, पुण्याचं शुद्ध केलेलं, न केलेलं सगळं पाणी उजनीच्या जलाशयात जाऊन थांबतं. उजनीवर सोलापूर पितं. उजनीचं पाणी सोलापूरला दोन वाटांनी येत आलं आहे. एक, धरणातून थेट जलवाहिनी. दुसरी, धरणातून भीमेच्या पात्रात कित्येक टीएमसी पाणी सोडायचं, ते खाली टाकळीजवळच्या बंधाऱ्यात अडवायचं आणि तिथून उचलायचं. ही दुसरी वाट म्हणजे आपलं रावेतच, फक्त लांबी कितीतरी पट आणि वाटेतल्या मोटारीही तितक्याच. शहराची गरज छोटी आणि त्यासाठी सोडावं लागणारं पाणी प्रचंड, म्हणून सोलापूरकरांनी समांतर जलवाहिनीसाठी वर्षानुवर्षं आग्रह धरला. भीमाकाठच्या शेतकऱ्यांना मात्र नदीत सुटणारं ते आवर्तन हवं असतं.